वाढीव पट्टी

ज्या शाळेतून मी दहावीला दोनदा नापास झालो, त्याच शाळेनं दोन हजार आठच्या सुमारास माझा 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून सत्कार केला. निमित्त एवढंच, की मी शाळेला पिण्याच्या पाण्याची टाकी बसवून दिली होती. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. फेट्याशिवाय झालेला सत्कार कोल्हापुरात कुणी मोजत नाही. बांधणाऱ्यानं तो इतका आवळला होता, की पहिली दहा मिनिटं मला स्वतःच्या कपाळाखेरीज दुसरं काही जाणवत नव्हतं. मग मला भाषणाला उभं केलं. मी खिशातनं कागद काढला आणि ठणठणीत आवाजात वाचायला लागलो. बुद्धी आणि शिक्षण यांच्या जोरावर माणूस कुठल्या कुठं जातो, असं काहीतरी त्यात होतं. टाळ्या पडल्या.

भाषण अण्णानं लिहून दिलं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. गणितात एम.एस्सी., वर बी.एड. तो शेवटच्या रांगेत पालकांच्यात बसला होता आणि मी कुठं अडखळतोय का म्हणून माझ्याबरोबर ओठ हलवत होता.

शेवटी मुलांच्या प्रश्नांची वेळ आली. नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, शिकलं म्हंजे मानूस मोठा होतोच का?" हा प्रश्न कुणी शिकवून पाठवलेला नव्हता, कारण बाईंनी लगेच डोळे वटारले. मी मागं बघितलं. अण्णा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत होता. "होतो की," मी म्हणालो आणि खाली बसलो. धंद्यात मी रोज खोटं बोलतो, माल उद्या देतो म्हणून सांगतो आणि चार दिवसांनी देतो, त्याचं मला काही वाटत नाही. ह्याचं वाटलं.

आमचे आप्पा उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूत लाकडी नमुना दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. अण्णा त्या घरात पहिलीपासून पहिला. एकदा त्याचे गुरुजी घरी येऊन आप्पांना सांगून गेले, "ह्या पोराला जपा," आणि त्या दिवसापासून आमच्या घराचं डोकं फिरलं. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं, की अण्णाला काही सांगायचं नाही. नळाला पाणी आलं नाही, अण्णाला सांगू नका. रॉकेल संपलं, सांगू नका. घरमालक भांडायला आलाय, आतलं दार लावून घ्या, अण्णा वाचतोय. पाणी मी भरायचं, दळण मी आणायचं आणि मालकाच्या शिव्याही मीच ऐकायच्या. मला ह्याचा भयंकर राग यायचा. पण खरं सांगायचं तर त्या शिव्यांतनं मी पुष्कळ शिकलो.

नव्वदच्या आगेमागे अण्णाची बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि आप्पांच्या उजव्या हातावर तापलेला रस उडाला. पंधरा दिवस ते सरकारी दवाखान्यात होते. अण्णाला सांगितलं, आप्पा गावाकडं शेताच्या कामाला गेलेत. आम्हाला शेत औषधालासुद्धा नव्हतं. गणितात शंभराला दोनच कमी पाडणारा हा मुलगा, पण त्यानं ते खरं मानलं. शेवटचा पेपर देऊन आला आणि आप्पांचा गुंडाळलेला हात बघून दारातच उभा राहिला.

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुला कशाला ते?" आई म्हणाली. "तू तुझं बघ."

त्या दिवशी अण्णा जेवला नाही.

माझं उलट होतं. मला सगळं माहीत असायचं, फक्त पुस्तकातलं सोडून. गणितानं मला दहावीला दोनदा आपटलं, आणि दुसऱ्या निकालाच्या दिवशीच आप्पांनी मला उद्यमनगरात एका पॅटर्नच्या दुकानात नेऊन बसवलं. पॅटर्न म्हणजे तोच लाकडी नमुना, जो मोल्डर वाळूत दाबतो. ड्रॉइंग बघायचं, सागवान घ्यायचं आणि रंधा, करवत, पटाशी चालवून मशीनचा भाग हुबेहूब लाकडात घडवायचा. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला खिळ्याला टांगलेल्या दोन लोखंडी पट्ट्या दाखवल्या. दिसायला जुळ्या.

"ही बाजारातली. हिला शिवायचं न्हाय. आनि ही आपली. हिच्यातला फूट जरा मोठा असतोय."

लोखंड ओतल्यावर थंड होताना आकसतं. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि प्रत्येक मापाला हिशेब नको म्हणून पट्टीच मुळात मोठी करून घेतलेली असते. तिच्यावर शंभर मिलिमीटर दिसतं ते खरं एकशे एक असतं. आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणतो. ड्रॉइंगवर ह्या आकसण्याचा कुठं उल्लेख नसतो. काढणाऱ्याला माहीत असतं, करणाऱ्याला माहीत असतं, मग लिहायचं कुणासाठी? मला मात्र ते सांगूनही कळलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी बाजारातली पट्टी उचलली आणि मिस्त्रींनी माझ्या कानाखाली आवाज काढला. त्यानंतर ती चूक माझ्या हातनं कधी झाली नाही.

अण्णा एम.एस्सी. झाला तेव्हा आप्पांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. बी.एड. झाल्यावर तो पन्हाळ्याच्या पलीकडं डोंगरातल्या एका विनाअनुदानित हायस्कुलात लागला. विनाअनुदानित म्हणजे सरकार पगार देत नाही, संस्थेला जमलं तर ती हातावर काहीतरी टेकवते. पण अनुदान येणार होतं. ते आलं की जो शिक्षक त्या जागेवर असेल त्याला सरकारची मान्यता, पुरा पगार, म्हातारपणी पेन्शन. म्हणून जागा सोडायची नसते. अण्णानं ती नऊ वर्षं सोडली नाही. सकाळच्या एस.टी.नं जायचा, संध्याकाळी परत यायचा आणि पोटापुरत्या शिकवण्या घ्यायचा. लग्नाचं कुणी काढलं की आई म्हणायची, "पगार चालू होऊ दे." मुलीकडचेही तेच म्हणायचे. आप्पा तर त्या पगाराची वाट बघतच गेले.

ह्या नऊ वर्षांत मी स्वतःचं दुकान काढलं, लग्न केलं, स्कूटर घेतली, एका पोरीचा बाप झालो. घर माझ्यावर चालायचं आणि मान अण्णाला होता. रविवारी पहिलं ताट त्याचं, तांबड्या रश्श्यातले चांगले तुकडे त्याला. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या ताटावर बसताना तो वर्षागणिक अंग चोरायला लागला होता, आणि ते मला दिसायचं.

एका मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्या दुकानात यायला लागला. घरात बसून काय करणार, म्हणाला. तेव्हा माझ्याकडं एका पंपाचं ड्रॉइंग आलं होतं. वरून, समोरून आणि बाजूनं अशी तीन चित्रं, आणि त्यांतनं एक वस्तू डोक्यात उभी करायची. मी दोन दिवस त्याच्यापुढं डोकं धरून बसलो होतो. अण्णानं शेंगदाणे खात खात पाच मिनिटं ते बघितलं आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं ती वस्तू जशीच्या तशी काढून दिली. माझे दोन्ही कामगार रंधा थांबवून बघत राहिले. मलाही काय अभिमान वाटला, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी करू का रे एक पॅटर्न? बारकं काहीतरी."

त्याच पंपाची खालची बैठक करायची होती. चौकोनी, सरळ, दोन फुटाच्या आतबाहेर लांब. मी त्याला लाकूड काढून दिलं आणि माल पोचवायला शिरोलीला निघून गेलो. चार दिवस तो त्या बैठकीवर वाकलेला होता. झाल्यावर मी तिच्यावरनं हात फिरवला. कोपरे असे, की मला जमले नसते. मी माप घेतलं नाही. अण्णाचं माप काय तपासायचं?

फाउंड्रीत त्या पॅटर्नवर सगळा लॉट ओतला गेला. आठवड्याभरानं पंपवाला एक बैठक टेम्पोत घालून माझ्या दारात आला.

"मिस्त्री, मशिनवर घासायला ह्येच्यात मालच न्हाय की! काय घासू, माझं डोस्कं?"

अण्णानं बाजारातली पट्टी वापरली होती. ड्रॉइंग त्यानं माझ्यापेक्षा बारकाईनं वाचलं होतं. मशीनवर घासण्यासाठी किती जास्ती ठेवायचं ते तिथं लिहिलेलं होतं, तेवढं त्यानं बरोबर ठेवलं होतं. आकसण्याचं लिहिलेलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. सगळा लॉट भंगारात गेला. पंपवाल्यानं मला रस्त्यावर उभं करून माझी पूर्ण अब्रू काढली, आणि अण्णा आत लाकडाच्या ढिगाशी उभा राहून ते सगळं ऐकत होता.

पंपवाला गेल्यावर मी माझ्याही दुकानात खिळ्याला टांगलेल्या दोन्ही पट्ट्या काढून अण्णापुढं शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवातीच्या रेघा जुळत होत्या. पुढं सरकावं तशा त्या एकमेकींपासून सुटत गेल्या. अण्णा खाली वाकून बघायला लागला आणि एवढ्या लाजिरवाण्या वेळीसुद्धा त्याचे डोळे चमकले.

"आयला, भारी हाय की हे!" मग तो हसला. "सांगायचंस की मर्दा."

"तुला म्हाईत असंल असं वाटलं," मी म्हणालो.

ते खरंही होतं. इतका शिकलेला माणूस, त्याला मी काय सांगायचं, असंच मला वाटलं होतं. त्या सुट्टीत तो पुन्हा पॅटर्नला हात लावायला आला नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कोडोलीकडचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं. उसाचे चरक बनवणारा माणूस, जुना, चांगला. चहा पिता पिता म्हणाला, "पावणं, तुमचं थोरलं बंधू त्या डोंगरातल्या शाळंत हाईत न्हवं? तितलं सेक्रेटरी आमच्याच भावकीतलं. यंदा अनुदान येतंय म्हनं."

"व्हय, अण्णा म्हनत हुता."

"पर गनिताची जागा सेक्रेटरींच्या जावयाला हाय की. त्येची मागल्या तारखंची ऑर्डर झालीया. हजेरीचं मस्टर बी नवं लिवलंय. तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो. आणि लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. ते 'न्हाय' म्हणायच्या आधी, पापणी लवायच्या आत, मला बरं वाटलं. लहानपणापासून भरलेलं पाणी, आणलेलं दळण, पहिलं ताट, सगळं त्या एका क्षणात वर आलं आणि गेलं. मग स्वतःची इतकी लाज वाटली, की चहा तसाच ठेवला.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी स्कूटर काढली आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. घरी आईसमोर नको, तिथंच सांगू, असं ठरवलं होतं. वाघबिळाच्या चढावर वाक्यं जुळवत होतो. अण्णा, असं असं ऐकलंय. तू आजच संस्थेत जाऊन विचार. नाहीतर दुसरीकडं बघ. एवढंच बोलायचं होतं.

शाळा पत्र्याच्या पाच खोल्यांची होती. अण्णा दहावीच्या मुलांना घेऊन पटांगणात कबड्डीचं मैदान आखत होता. त्याच्या हातात सारख्या अंतरावर बारा गाठी मारलेली दोरी होती. तीन मुलांनी ती तीन ठिकाणी ताणून धरली. एका बाजूला तीन भाग, दुसऱ्या बाजूला चार, तिसऱ्या बाजूला पाच. "आता ह्या कोपऱ्यात बघा," अण्णा म्हणाला. कोपरा काटकोनात बसला होता. हे मी रोज करत होतो. मोठ्या पॅटर्नची चौकट काटकोनात आहे का हे बघायला मिस्त्रींनी मला तीन-चार-पाच शिकवलं होतं, आणि ज्या प्रमेयानं मला दोनदा नापास केलं ते हेच, हे मला त्या दिवशी पटांगणाच्या कडेला उभं राहून कळलं. अण्णाकडनं मी कधी गणित शिकलो असतो तर, असं मनात आलं. पण आमच्या घरात मी त्याच्या खोलीत गेलो की मला बाहेर काढायचे.

त्यानं मला बघितलं आणि मुलांना म्हणाला, "हे माझे बंधू. मी फळ्यावर जे करतो ते हे लाकडात करतात." मुलं एका आवाजात नमस्ते म्हणाली. त्यानं एवढा मान कधी मला घरात दिला नव्हता, आणि मीही त्याला.

सुट्टीत आम्ही झाडाखाली बसलो. "ह्यातली चार तरी डिप्लोमाला जातील बघ," तो म्हणाला. "तू काय काम काढलंस?"

"पन्हाळ्यावर एक गिऱ्हाईक हुतं," मी म्हणालो. डबा अर्धा त्यानं मला दिला. तो खाऊन मी आल्या वाटेनं खाली उतरलो.

एप्रिलमध्ये मुरगूडच्या एका शाळेतनं अण्णाला मुलाखतीचं पत्र आलं. जुनी, पूर्ण अनुदानाची शाळा. गणिताचे शिक्षक निवृत्त होत होते, आणि तिथं वशिल्याशिवाय घेतात असं सगळे म्हणायचे. नोकरीला वयाची सरकारी अट होती आणि अण्णा तिच्या काठावर आला होता, म्हणजे ही संधी शेवटचीच. रविवारी सकाळी तो पत्र घेऊन स्वयंपाकघरात आला. आई लसूण सोलत होती, मी चहा पीत होतो.

"जाऊ का?"

"नऊ वर्सं घातलीस तितं," आई म्हणाली, "आनि आता अनुदान दारात आलंया तर सोडून जातोस व्हय?"

"दहावीत येनारी पोरंबी अर्ध्यात सुटतील," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. "तू काय म्हनतोस?"

जन्मात त्यानं मला कधी सल्ला विचारला नव्हता. मी कपात बघत राहिलो.

"मी काय सांगनार? तू शिकलेला. तुला कळतंय की."

त्यानं मान हलवली. पत्राची घडी घालून ते पुस्तकात ठेवून दिलं.

मी का बोललो नाही ह्याची कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. आईला धक्का बसला असता. बातमी खोटी निघाली असती तर डोंगरातली जागा उगीच गेली असती आणि मी बदनाम झालो असतो. कोडोलीचं गिऱ्हाईक तुटलं असतं. त्या सकाळी ह्यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. घरात मी दुसरं काही शिकलोच नव्हतो. अण्णाला वाईट काही सांगायचं नाही, एवढंच मला येत होतं. समोर आई लसणाची सालं फुंकत होती.

जुलैत मान्यता मिळालेल्या शिक्षकांची यादी आली. अण्णा भर दुपारी दुकानात आला आणि लाकडाच्या ढिगावर बसला. "माझं नाव न्हाय," म्हणाला. "मस्टरात नऊ वर्सं मी न्हायच. सगळ्या सह्या दुसऱ्याच्या हाईत." हे सांगताना तो एखाद्या मुलाचं उदाहरण कुठं चुकलं ते शोधावं तसा कपाळाला आठ्या घालून बसला होता.

आम्ही खूप हेलपाटे घातले. शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी अण्णाच्या नेमणुकीची पत्रं चाळली. "सर, ह्यांच्यावर जावक नंबर कुठाय? मान्यतेला पाठवल्याची पोच कुठाय? हे तुम्ही पहिल्याच वर्षी मागून घ्यायचं असतं." वकील म्हणाला, केस उभी राहील, पण किती वर्षं चालेल ते विचारू नका. शाळेतले दुसरे शिक्षक खाली मान घालून म्हणाले, सर, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. जो तो हेच म्हणायचा. जावक नंबर लागतो हे शाळेच्या शिपायालासुद्धा माहीत होतं. मी अण्णाच्या शेजारी बाकावर बसून हे ऐकायचो आणि माझ्याजवळचं माझ्याजवळच ठेवायचो. आता सांगून उपयोग नव्हता, आणि उपयोग होता तेव्हा मी सांगितलं नव्हतं. मुरगूडची जागा तोवर भरली होती. वयाची मर्यादा अण्णानं त्या डिसेंबरात ओलांडली. आईनं पहिलं ताट वाढायचं तरी सोडलं नाही, फक्त आता ती त्याच्या तोंडाकडं न बघता वाढायची.

दिवाळीनंतर अण्णा माझ्या दुकानात आला तो कायमचा. मी त्याला ये म्हटलं नाही, त्यानंही येऊ का विचारलं नाही. कोपऱ्यातलं टेबल त्यानं स्वतःच पुसून घेतलं. अवघड ड्रॉइंग तो वाचायचा, मला समजावून द्यायचा, पुण्याच्या कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहायचा. पूर्वी ज्या कामांना मी लांबनंच हात जोडायचो ती कामं आमच्याकडं यायला लागली. दुकान वाढलं, शेजारचा गाळा घेतला. शाळेला टाकी बसवली ती ह्या कामांतनं. पाटीवर नाव माझं आहे, त्यामुळं यशस्वी मी.

दुकानात कुणीही नवीन लागला, की अण्णा त्याला पहिल्यांदा खिळ्यावरच्या दोन पट्ट्यांपुढं उभं करतो. कुठली कुठं वापरायची, का, आणि न वापरल्यास काय होतं, ते सगळं शांतपणे सांगतो. मग त्याच्याकडनं परत म्हणून घेतो. एकदा पुण्याहून आलेल्या इंजिनियरलाही त्यानं ते सांगितलं. तो बिचारा "माहीत आहे, माहीत आहे" म्हणत होता. अण्णा म्हणाला, "असू दे, तरी ऐका."

सत्काराचा फोटो पेपरात आला, तो बघून कोडोलीचं गिऱ्हाईक पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात हजर झालं. मला मिठी मारली, माझ्या तोंडात पेढा कोंबला. मग टेबलाकडं गेलं आणि अण्णाच्या हातावर एक पेढा ठेवून हळहळायला लागलं. मला त्याला थांबवायचं होतं आणि तोंडात पेढा होता.

"तुमचं लई वाईट झालं बघा सर. मी ह्यास्नी तवाच सांगितलं हुतं की, यादीच्या आदी, फेब्रुवारीतच. ह्येंनी तुमास्नी सांगितलं असंलच म्हना. पर काय उपेग झाला न्हाय."

अण्णानं ड्रॉइंगवरनं मान वर केली. एकदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय," तो त्याला म्हणाला. "सांगितलं हुतं की त्यानं."

गिऱ्हाईक आणखी थोडा वेळ बसलं, चहा पिऊन गेलं. कामगार जेवायला बाहेर पडले. अण्णानं पेढा अजून खाल्ला नव्हता, तो कागदावर बाजूला ठेवला होता. पेन्सिल हातात तशीच धरून तो माझ्याकडं वळला आणि हसला, पट्ट्यांच्या वेळी हसला होता तसाच.

"सांगायचंस की मर्दा."

माझं उत्तर तयार होतं, गेल्या वेळचंच. तुला म्हाईत असंल असं वाटलं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, कारण गेल्या वेळी ते खरं होतं.

अण्णानं ड्रॉइंग माझ्या बाजूला सरकवलं आणि कुठल्या अंगाला किती वाढ ठेवायची ते मला सांगायला लागला.